चोर कोण, ते अंधारात फुटलं : गावातल्या ‘ज्वेल थीफ’च्या एका खेळाचं प्रकरण

आधीच सांगून ठेवतो. ‘ज्वेल थीफ’चा शेवट उघड केल्याशिवाय हे प्रकरण लिहिताच येत नाही. ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांनी आधी तो पाहावा, मग हे वाचावं. आमच्या मांडवात एकदा शेवट फुटला आहे, पुन्हा तोच आळ डोक्यावर नको.

पार्श्वभूमी

मालवण आणि देवगडच्या मधल्या किनाऱ्यावरचं एक गाव. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम गाळली आहेत, ओळखणारे ओळखतीलच. गावात जुनं वाचनालय आहे आणि वाचनालयाच्या पोटात आमचं चित्रपट मंडळ. महिन्यातून एकदा प्रोजेक्टर लावून सिनेमा दाखवतो. एरवी पंचवीसएक माणसं येतात, त्यातली पाच झोपतात. गणपतीत मात्र चित्र पालटतं. मुंबई-पुण्याहून चाकरमानी आलेले असतात, घरं भरलेली असतात, त्यामुळे वर्षातला एक खेळ आम्ही त्या दिवसांत मोठा करतो, शाळेच्या आवारात, पत्र्याच्या मांडवाखाली.

दिवस ठरला सहावा. पाच दिवसांचे गणपती पोचवून झालेले असतात, बायकांचे हात जरा मोकळे असतात आणि चाकरमान्यांची परतीची गाडी अजून एक-दोन दिवस लांब असते. रात्री भजनं असतात, पण सहाव्याला आमच्या वाडीत मोठं भजन नव्हतं. शेजारच्या वाडीत डबलबारी होती, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना. ही डबलबारी पुढे आम्हाला नडणार होती.

सिनेमा निवडताना मंडळात दोन तट पडले. गुरुजींना (निवृत्त शिक्षक, मंडळाचे कार्यवाह) पौराणिक काहीतरी हवं होतं. आमच्यातल्या ताईंनी ‘ज्वेल थीफ’ सुचवला. रत्नांच्या चोरीची गोष्ट, देव आनंद, वैजयंतीमाला, तनुजा, अशोक कुमार, सचिनदेव बर्मन यांचं संगीत. आजोबा गाण्यांसाठी बसतील, पोरं चोर शोधायला बसतील, हा ताईंचा मुद्दा कुणाला खोडता आला नाही. लांबी तीन तासांच्या वर जाते हा एकच आक्षेप होता. त्यावर गुरुजी म्हणाले, “दशावतार पहाटेपर्यंत बघणारी माणसं आपली. तीन तास म्हणजे काय?” आणि ठरलं. सार्वजनिक खेळाला हक्कधारकांची परवानगी लागते, ती लेखी मागवली. ती हातात पडायला पाच आठवडे लागले, म्हणून हे काम आषाढातच सुरू करावं लागतं, एवढीच नोंद.

सिनेमाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्या बांधणीवर उभं आहे. 1967 सालचा हा सिनेमा देव आनंदच्या नवकेतन या चित्रपटसंस्थेचा, दिग्दर्शक विजय आनंद. पोलीस कमिशनरचा मुलगा विनय (देव आनंद) रत्नांचा पारखी आहे. एका जवाहिऱ्याकडे त्याला नोकरी मिळते. आणि मग लोक त्याला भलत्याच माणसाच्या नावाने हाक मारू लागतात : अमर. शालू (वैजयंतीमाला) म्हणते, हा माझा होणारा नवरा. तिचा भाऊ म्हणून वावरणारा अर्जुन (अशोक कुमार) तेच म्हणतो. हा अमर म्हणजे विनयसारखा हुबेहूब दिसणारा कुणीतरी, आणि देशभर गाजणारा रत्नचोर तोच असणार, असा संशय बळावतो. भर मेजवानीत वाद होतो तेव्हा खूण सांगितली जाते की अमरच्या पायाला सहा बोटं आहेत. विनय बूट काढतो, मोजा काढतो. पाच बोटं.

मला हा प्रसंग हिंदी सिनेमातल्या सगळ्यात हुशार प्रसंगांपैकी एक वाटतो. विनय हा अमर नाही, एवढंच त्या उघड्या पायाने सिद्ध होतं. अमर नावाचा माणूस आहे, हे कुणीच सिद्ध केलेलं नसतं. पण बघणारा सुटकेचा श्वास टाकतो आणि मनात म्हणतो, चला, म्हणजे अमर दुसरा आहे तर! तिथे तो फसतो. अमर नाहीच. शालूच्या लहान भावाला ओलीस धरून तिच्या तोंडून हे सगळं वदवून घेतलेलं असतं आणि खरा चोर अर्जुन असतो, म्हणजे आपले दादामुनी अशोक कुमार. मेजवानीतला पुरावा शंभर टक्के खरा आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष शंभर टक्के खोटा.

अडचण

रात्री साडेआठला खेळ सुरू झाला. दीडशेच्या आसपास माणसं असतील. पाऊस चिरचिरा. पत्र्यावर मोठी सर आली की आवाज वाढवायचा आणि सर ओसरली की कमी करायचा, हे काम माझ्याकडे. ‘ये दिल न होता बेचारा’ला देव आनंद गळ घेऊन रस्त्याने निघाला तेव्हा पुढच्या सतरंजीवरून आवाज आला, “ह्यो गरवूक चललो काय?” (गळाने मासे पकडायला निघाला की काय?) आणि सगळा मांडव हसला. गळ धरण्याच्या त्याच्या तऱ्हेवर मागच्या बाकावरच्या दोघा रापणकरांनी (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांनी) पुढे बरंच मौलिक भाष्य केलं, ते इथे देता येत नाही. सांगायचं एवढंच की लोक सिनेमात शिरले होते.

बुटाचा प्रसंग झाला. त्यानंतर पाच-सात मिनिटांत लाईट गेली.

जनरेटर होता. म्हणजे मंडळाने सांगून ठेवलेला होता. पण तो डबलबारीवाल्यांनी संध्याकाळी “तासाभरासाठी” नेला होता आणि द्यायचं कबूल करणारा आमचाच माणूस होता. तेव्हा दोष वीजपुरवठ्याचा धरायचा की आमचा, याचं उत्तर सरळ आहे. गणपतीत, पावसात, किनाऱ्यावर लाईट जाणार हे शाळकरी पोरालाही कळतं.

काळोखात दीडशे माणसं, हातात काही काम नाही. आम्ही घाईघाईने चहा आणि काळ्या वाटाण्याची उसळ वाटायला घेतली. ती मध्यांतरासाठी होती आणि मध्यांतर अजून अर्ध्या तासावर होतं. पहिली दहा मिनिटं सिनेमाच्याच गप्पा चालल्या. तो अमर कुठे असेल? आणि तेवढ्यात डोंबिवलीहून आलेले एक काका, सत्तरीच्या पुढचे, चहाचा कप हातात घेऊन खणखणीत आवाजात म्हणाले, “अहो, कसला अमर? अमर नावाचा कोणी नाहीच आहे. अशोक कुमारच चोर!”

क्षणभर कुणी बोललं नाही. मग त्यांच्याच भावकीतल्या एका काकींनी काळोखातून फटकारलं, “मेल्या, माका बघूक दी मां!”

काकांच्या मनात वाईट काही नव्हतं. तोंडात तीळ न भिजणारी माणसं दुष्ट नसतात, त्यांना फक्त आपल्याला ठाऊक आहे हे दुसऱ्याला ठाऊक व्हावं असं वाटतं. पण एक मिनिटाच्या आत ते वाक्य सतरंजीवरून बाकांवर, बाकांवरून मांडवाबाहेर विडी ओढणाऱ्यांपर्यंत गेलं. दोन पोरं चपला शोधू लागली. शेवट कळला, आता काय बसायचं?

समोर असलेले पर्याय

पडद्यामागे टॉर्चच्या उजेडात आम्ही चौघं जमलो. वेळ फार नव्हता, लाईट कुठल्याही क्षणी आली असती.

पहिला पर्याय, काहीच न करणं. निम्म्यांनी ऐकलंच नसेल, ज्यांनी ऐकलं त्यांतले निम्मे विसरतील. हा पर्याय मीच मांडला आणि ताईंनी दोन शब्दांत निकालात काढला, “चपला बघ.”

दुसरा, सिनेमा तिथेच थांबवून लाईट आल्यावर फक्त गाणी दाखवणं. ‘रात अकेली है’, ‘होठों में ऐसी बात’ एवढ्यावर लोक खूश होऊन घरी गेले असते. त्या रात्रीपुरतं हे सगळ्यात सोपं होतं. पण पाच आठवडे पत्रव्यवहार करून आणलेला सिनेमा गाण्यांच्या कार्यक्रमावर संपवायचा, हे कुणाच्याच गळी उतरेना.

तिसरा गुरुजींचा. माईक नसला तरी गुरुजींचा आवाज शाळेचा आहे. त्यांचं म्हणणं, आपण स्वतःच उभं राहून सांगू या की होय, चोर अशोक कुमारच आहे. आता तो कसा फसवतो ते बघत बसा. “दशावतारात राक्षस कोण हे पहिल्या मिनिटाला कळतं,” ते म्हणाले, “म्हणून कुणी उठून गेलाय का कधी? माणसं राक्षस कोण ते बघायला येत नाहीत, राक्षस काय करतो ते बघायला येतात.”

चौथा ताईंचा. खरं दडपता येणार नाही, पण त्याच्याभोवती खोटं पेरता येईल. चहा वाटणाऱ्या चार पोरांना चार वेगवेगळे शेवट सांगून गर्दीत सोडायचं. मग काकांचं वाक्य पाच अफवांमधली एक अफवा होऊन बसेल.

गुरुजींना हे पटलं नाही. “म्हणजे आपण खोटं बोलायचं?” ताई म्हणाल्या, “सिनेमा दुसरं काय करतोय, गुरुजी?” मी ताईंच्या बाजूने गेलो. चौथा माणूस प्रोजेक्टरवाला, त्याला फक्त लाईट यायला हवी होती. दोन विरुद्ध एक.

आज मागे बघताना वाटतं की आम्ही गुरुजींच्या पर्यायाचा नीट विचारच केला नाही. तो आम्हाला म्हातारा वाटला.

काय केलं

पोरांना वाटून दिलं. पहिल्याने सांगायचं, कमिशनरच चोर. दुसऱ्याने, तो जवाहिरा शेठ चोर, स्वतःचाच माल चोरतोय. तिसऱ्याने, तनुजा. चौथ्याने, अमर खरंच आहे, विनयचा जुळा भाऊ, लहानपणी जत्रेत हरवलेला. पोरांना जे हवं होतं तेच मिळालं, खोटं बोलायची अधिकृत परवानगी. उसळीच्या द्रोणाबरोबर ती बातम्या देत सुटली.

पंधरा मिनिटांत जुळ्या भावाने बाकी तिघांना मागे टाकलं. कमिशनर चोर असल्याचं कुणी ऐकून घेतलं नाही. शेठ जरा चालला. तनुजाला तर पोरींनीच हसून उडवलं. जुळा भाऊ मात्र वणव्यासारखा पसरला. मी मांडवाच्या मागच्या बाजूला होतो, तिथे एक गृहस्थ शेजाऱ्याला ठासून सांगत होते, “ता सगळा खोटा. भाव आसा ह्येचो, जुळो.” हे त्यांना आमच्या पोराने सांगून पाच मिनिटंही झाली नव्हती आणि आवाजात अनुभवाचा ठामपणा होता.

असं का झालं, याचा आम्ही नंतर बराच खल केला. मला वाटतं, माणसाला पूर्वी बघितलेलं पटकन पटतं. हिंदी सिनेमात दोन देव आनंद लोकांनी पाहिलेले होते. 1961च्या ‘हम दोनो’मध्ये तो दुहेरी भूमिकेतच आहे. ‘ज्वेल थीफ’ आला तेव्हा ती गोष्ट अवघी सहा वर्षं जुनी. म्हणजे 1967च्या प्रेक्षकाच्या डोक्यात दुसऱ्या देव आनंदासाठी जागा तयारच होती, दिग्दर्शकाने ती फक्त भाड्याने घेतली. आणि उलट बाजूने, अशोक कुमार तोवर वडीलधारे झालेले होते. त्यांच्यावर संशय घ्यायचा म्हणजे घरातल्या काकांवर घेण्यासारखं. ज्याची आठवण लांब होती त्यालाच शंका आली असती. 1943च्या ‘किस्मत’मध्ये हेच अशोक कुमार चोर होते आणि तो सिनेमा तुफान चालला होता. पण चोवीस वर्षांत लोक चोर विसरले होते, दादामुनी लक्षात राहिले होते.

आमच्या मांडवात आम्ही हीच युक्ती नकळत वापरली. पुरावा एकही दिला नाही. लोकांना जे आधीपासून मानायचं होतं ते कुणीतरी मोठ्याने म्हटलं, इतकंच.

डोंबिवलीच्या काकांना हे सगळं ऐकू येत होतं. ते दोनदा उठून म्हणाले, “अहो, मी पाहिलाय हा सिनेमा!” त्यावर एका पोराने विचारलं, “मग काका, जुळा भाऊ शेवटी मरतो काय?” आणि मोठा हशा झाला. काका खाली बसले. मी तिथून सहा-सात हातांवर होतो आणि मीही हसलो. ही नोंद मला टाळता आली असती, पण मग हे प्रकरण लिहिण्यात अर्थ नव्हता.

पन्नास मिनिटांनी लाईट आली. चपला शोधणारी पोरं जागेवर होती.

काय झालं

दुसरा भाग लोकांनी ज्या लक्ष देऊन पाहिला, तसा आमच्या कुठल्याच खेळाला पाहिलेला मला आठवत नाही. प्रत्येकाच्या डोक्यात एक उमेदवार होता आणि प्रत्येक प्रसंगाला तो पडताळून बघितला जात होता. शेठ पडद्यावर आला की एक कोपरा कुजबुजायचा, कमिशनर आला की दुसरा. कारभाराचा हिशोब मांडायचा तर ताईंचा डाव यशस्वी झाला.

विनयला पकडतात तो भाग सुरू झाला तेव्हा मांडव गप्प झाला. पत्र्यावर पाऊसही थांबला होता. अर्जुनचा मुखवटा उतरला तेव्हा “आss” असा एक लांब आवाज उठला आणि मग मला जे दिसलं ते मी अजून विसरलेलो नाही. दुसऱ्या-तिसऱ्या बाकावरची सात-आठ डोकी पडदा सोडून मागे वळली. ती काकांना शोधत होती.

काकांची खुर्ची रिकामी होती. पाठीला त्यांची काळी छत्री अडकवलेली होती, मूठ वाकडी, एक काडी निसटलेली. लाईट आल्यावर ते उठून घरी गेले होते. पाऊस थांबलेला असल्याने छत्रीची आठवण राहिली नसावी.

त्यानंतर वाजलेलं ‘होठों में ऐसी बात’ गाण्याच्या दृष्टीने अप्रतिम आहे, भर दरबारात नाचणारी शालू ओठांवर आलेली गोष्ट दाबून धरते. त्या रात्री मला ते बघवलं नाही. हे थोडं नाटकी वाटेल, पण तसं झालं खरं.

बाकीचे परिणाम झटकन सांगतो. खेळ रात्री पाऊणला संपला. वर्गणीच्या डब्यात नेहमीच्या दुप्पट पैसे जमले. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यापासून तिठ्यापर्यंत एकच विषय होता आणि ज्यांनी जुळ्या भावाची शपथ घेतली होती ते सगळे “माका ठावक होता” म्हणत फिरत होते. चहा वाटणाऱ्या पोरांपैकी एकाच्या आईने मात्र मंडळाकडे येऊन सुनावलं, “माझ्या झिलाक खोटा बोलूक तुमी शिकवल्यात?” तिला आमच्याकडे उत्तर नव्हतं. गुरुजी तेव्हा तिथेच होते. ते काही बोलले नाहीत, चष्मा पुसत राहिले.

पुन्हा करायचं झालं तर

मूळ चूक शेवट फुटण्याच्या कितीतरी आधीची आहे. आम्ही खेळाच्या फलकावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘ओळखा पाहू, चोर कोण?’ ज्याला माहीत आहे त्याच्यासाठी हे उघड आमंत्रणच. त्याऐवजी सुरुवातीला एकाने उभं राहून साध्या शब्दांत विनंती करायला हवी होती, ज्यांनी पाहिलाय त्यांनी कृपा करून गुपित राखावं. माणसाला गुपितात सामील करून घेतलं की तो ते सांभाळतो. काकांना आम्ही ती संधीच दिली नाही, आणि वर त्यांनी गुपित फोडलं म्हणून त्यांना शिक्षा केली.

जनरेटर आता कुणाला द्यायचा नाही, डबलबारी असो की लग्न. डिझेल आदल्या दिवशी भरून ठेवायचं. पन्नास मिनिटांचा काळोख नसता तर काका बोलले असते शेजाऱ्याच्या कानात आणि विषय तिथेच मिटला असता.

अफवांच्या बाबतीत आमच्यात आजही एकमत नाही. ताई म्हणतात की सिनेमा वाचला, दीडशे माणसांची रात्र वाचली, त्यापुढे एका माणसाचा रुसवा ही किंमत फार नाही. मला वाटतं की खोटं बोलणं एकवेळ चाललं असतं, पण काकांना आधी पडद्यामागे बोलावून सांगायला हवं होतं : काका, आम्ही आता तुम्हाला खोटं पाडणार आहोत, तुम्हीही आमच्यात या. बहुतेक ते आनंदाने आले असते आणि पाचवा शेवट त्यांनीच रचला असता. दोन मिनिटांचं काम होतं. सुचलं नाही.

आणि गुरुजींचा पर्याय? पुढच्या फेब्रुवारीत त्यांनी हट्टाने तो करून पाहिला. त्याच गावात, वाचनालयाच्या खोलीत, तीसएक माणसांसमोर ‘ज्वेल थीफ’ पुन्हा लावला आणि सुरुवातीलाच सांगून टाकलं की चोर अशोक कुमार. मी मुद्दाम माणसांकडे बघत बसलो होतो. बुटाच्या प्रसंगाला या वेळी कुणीच देव आनंदच्या पायाकडे बघत नव्हतं. सगळे अशोक कुमारचा चेहरा बघत होते, हा माणूस काय शांतपणे उभा आहे! काकी तर मोठ्याने म्हणाल्या, “बघ कसो ऱ्हवलो हा, जसा काय ठावकच नाय.” दोन माणसं मात्र मध्येच उठून गेली. गणपतीत काकांशिवाय कुणी उठलं नव्हतं.

छत्री मी दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना नेऊन दिली होती. ते ओटीवर पेपर वाचत बसले होते. मी माफी मागितली, सगळा डाव सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, त्यांनी हा सिनेमा नवा असतानाच गिरगावात पाहिला होता आणि थोरल्या भावाने तिकीट काढायच्या रांगेतच त्यांना शेवट सांगितला होता. मग छत्री उघडून निसटलेली काडी बोटाने जागेवर बसवली, मिटली, कोपऱ्यात टेकवून ठेवली.

“पुढच्या वर्षी कुठला दाखवणार ते मला आधी कळवा,” ते म्हणाले. “पाहिलेला असला तर मी आपला डबलबारीला जाईन.”